भाषांची नाती

[दोन भाषा शेजारी ठेवून पाहिल्या की त्यांच्यातील साम्य आणि फरक चटकन लक्षात येतो. प्रस्तुत पाठात उर्दू व मराठी या भाषांची तुलना केली आहे. मराठी लिहिताना आपण कोठे चुकतो आणि का चुकतो, हेही या तुलनेतून समजते.]

मुलांनो, तुम्ही घरी आणि वर्गात उर्दू बोलता. मराठीचा तास सुरू झाला की तुमच्यापैकी काहींना वाटते, 'ही तर अगदी वेगळी भाषा! ती आपल्याला कशी जमणार?' उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, तर मराठी डावीकडून उजवीकडे. अक्षरेही निराळी. त्यामुळे असे वाटणे साहजिक आहे. पण लिपी हा भाषेचा केवळ पोशाख असतो. पोशाखावरून कोणाचे नातेवाईक ओळखता येत नाहीत.

याचे एक उदाहरण युरोपात आहे. पोलंड आणि फिनलंड हे बाल्टिक समुद्राच्या काठचे दोन देश. पोलंडची भाषा पोलिश. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हजारो पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी राहत होते. तेव्हा ही भाषा आपल्या महाराष्ट्रातही ऐकू येत असे. फिनलंडची भाषा फिनिश. दोन्ही भाषा रोमन लिपीत लिहितात. पण त्यांची घराणी वेगळी आहेत. पोलिशमध्ये दोन, तीन, चार यांना 'द्वा, त्शी, च्तेरी' म्हणतात. फिनिशमध्ये 'काक्सी, कोल्मे, नेल्या' म्हणतात. यांतील कोणते शब्द तुम्हांला ओळखीचे वाटतात? पोलिशचे ना? कारण पोलिश, उर्दू आणि मराठी या भाषा एकाच मोठ्या घराण्यातल्या आहेत. त्याला भारत-युरोपीय भाषाकुल म्हणतात. फिनिश या कुळातली नाही.

तिकडे लिपी एक आणि घराणी दोन. आपल्या जळगाव-धुळ्याकडे नेमके याच्या उलट आहे. लिप्या दोन, पण घराणे एक! हाथ-हात, दाँत-दात, पानी-पाणी, दूध-दूध हे शब्द पाहा. वाक्याची रचनाही पाहा. उर्दूत आपण म्हणतो, 'अहमद ने आम खाया', 'अहमद ने रोटी खाई'. मराठीत म्हणतो, 'अहमदने आंबा खाल्ला', 'अहमदने भाकरी खाल्ली'. खाणारा अहमदच आहे. पण क्रियापद बदलते ते आंबा आणि भाकरी यांच्या लिंगाप्रमाणे. हा नियम दोन्ही भाषांत सारखाच आहे. तो तुम्हांला लहानपणापासून येतो. फक्त त्याचे नाव ठाऊक नव्हते.

आता फरक पाहू. उर्दूत दोन लिंगे आहेत, मराठीत तीन. जळगावचे केळे घ्या. उर्दूत 'केला खाया', मराठीत 'केळे खाल्ले'. केळे नपुंसकलिंगी आहे. 'किताब' उर्दूत स्त्रीलिंगी, म्हणून काही मुले 'माझी पुस्तक' असे लिहितात. 'घर' उर्दूत पुल्लिंगी, म्हणून 'माझा घर' लिहितात. बरोबर रूपे आहेत 'माझे पुस्तक' आणि 'माझे घर'. ही चूक आळसामुळे होत नाही. आपण उर्दूचा नियम मराठीला लावतो, म्हणून होते. कारण समजले की ती सुधारणे सोपे जाते.

उच्चारांचेही तसेच आहे. उर्दूत 'ळ' नाही. काला-काळा, फल-फळ या जोड्या मोठ्याने म्हणून पाहा. 'वेल' म्हणजे बी पेरल्यावर वर चढणारी वनस्पती आणि 'वेळ' म्हणजे वक्त. एका अक्षराने अर्थ बदलतो. उर्दूत ज़ाल, ज़े, ज़्वाद आणि ज़ोय या चार अक्षरांचा उच्चार एकच होतो. मराठीत उलट आहे. 'जीवन' आणि 'जागा' यांत अक्षर एकच 'ज', पण उच्चार दोन! काही शब्द तर फसवतात. उर्दूत 'खाली' म्हणजे रिकामे, मराठीत 'खाली' म्हणजे नीचे.

शेजारी राहिले की देवाणघेवाण होतेच. खानदेशावर १३८२ ते १६०१ पर्यंत फारुकी घराण्याचे राज्य होते. त्यानंतर मोगल आले. दरबाराचे कामकाज फारसीत चाले. अर्ज, तारीख, हजर, कागद, बाजार, वकील असे कितीतरी अरबी-फारसी शब्द मराठीत आले आणि येथलेच झाले. मराठीनेही दिले. दक्षिणेतील दखनी उर्दूने 'नको' हा शब्द मराठीकडून घेतला. 'जिल्हा परिषद उर्दू शाळा' ही पाटी तुम्ही पाहिली असेल. 'जिल्हा' अरबीतून आला. 'परिषद' आणि 'शाळा' संस्कृतकडून आले. 'उर्दू' हा शब्द तुर्की. त्याचा मूळ अर्थ लष्कराची छावणी. एका पाटीवर किती भाषा एकत्र नांदतात!

शेवटी मराठीचे एक खास वैशिष्ट्य सांगतो. उर्दूत 'हम' हा एकच शब्द आहे. मराठीत त्यासाठी दोन शब्द आहेत. 'आम्ही धुळ्याला जाणार' असे म्हटले, तर ऐकणारा त्यात नसतो. 'आपण धुळ्याला जाऊ' असे म्हटले, की ऐकणाराही बरोबर येतो. एस.टी. स्टँडवर, तहसील कचेरीत, बँकेत तुम्हांला मराठीत बोलावे लागेल. तेव्हा 'आम्ही' कोठे वापरायचे आणि 'आपण' कोठे, हे नीट लक्षात ठेवा. ज्याला 'आपण' म्हणता येते, तो त्या भाषेत पाहुणा राहत नाही.

शब्दार्थ
साहजिक – स्वाभाविक, फितरी
निर्वासित – घरदार सोडावे लागलेला, मुहाजिर
भाषाकुल – भाषांचे घराणे, खानदान
नांदणे – एकत्र सुखाने राहणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मराठीत लिंगे किती आहेत?
(आ) 'उर्दू' या शब्दाचा मूळ अर्थ काय?
२. कंसातील योग्य रूप निवडा.
(अ) सलमाने केळे ____. (खाल्ला, खाल्ली, खाल्ले)
(आ) हे ____ घर आहे. (माझा, माझी, माझे)
३. 'माझी पुस्तक' अशी चूक का होते? तीन-चार वाक्यांत लिहा.
४. 'आम्ही' आणि 'आपण' वापरून प्रत्येकी दोन वाक्ये तयार करा.
५. उपक्रम : घरातील वडीलधाऱ्यांना विचारून उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत चालणाऱ्या दहा शब्दांची यादी करा. त्यांपैकी कोणत्या शब्दांचे लिंग किंवा अर्थ बदलतो, ते पुढे लिहा.