दृढीकरणानंतर काय?

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधल्या वॉन्टेज गावी झाला. संस्कृत विदुषी म्हणून त्यांचं नाव तेव्हा देशभर झालेलं होतं आणि बायबलचा अभ्यासही पुष्कळ झाला होता. तरीही १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने लिहिलं, की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म ठाऊक होता, पण ख्रिस्ताशी स्वतःची गाठ पडलेली नव्हती. ही कबुली देताना त्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या प्रमुख होत्या. शेकडो मुली-बाया त्यांच्या आधाराने राहत होत्या. इतक्या मोठ्या बाईला हे सांगायला संकोच वाटला नाही.

आपल्या मंडळ्यांमध्ये मुलं संडे स्कूलला जातात, दृढीकरणाचे वर्ग होतात, पांढरे कपडे घालून पहिलं प्रभुभोजन घेतात, फोटो निघतात. त्यापुढे काय करायचं, हे मात्र त्यांना फारसं कोणी सांगत नाही. मग तीस-तीस वर्षं नेमाने चर्चला येणारा माणूस ‘उपासना संगीता’तली गीतं पाठ म्हणतो आणि कमिटीच्या बैठकीत तोंडाला येईल ते बोलतो. घरी बायको त्याच्या पावलांच्या आवाजाने दचकते. हा माणूस ढोंगी असतोच असं नाही. त्याची वाढ थांबलेली असते, एवढंच.

आत्मिक परिपक्वता म्हणजे स्वभाव ख्रिस्तासारखा होत जाणं. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल आत्म्याच्या फळाचं वर्णन करतो ते वाचून पाहा. प्रीती, शांती, सौम्यता, संयम अशा स्वभावाच्याच गोष्टी त्यात आहेत. वक्तृत्व, चमत्कार, पाठांतर यांतलं काहीही त्यात नाही. आणि स्वभावाची खरी परीक्षा चर्चच्या बाकावर होत नाही, ती घरात होते. पुढची सगळी वाट याच समजुतीवर आखलेली आहे.

आधी घरच्यांना विचारा

आपण कुठे उभे आहोत हे आपल्याला स्वतःला नीट दिसत नाही. पाळकांनाही दिसत नाही, कारण ते आपल्याला रविवारचे भेटतात. म्हणून रोज आपल्यासोबत राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्या दोन माणसांना विचारा : “माझ्या कोणत्या वागण्याचा तुम्हाला त्रास होतो?” उत्तर येईल तेव्हा मध्ये बोलू नका, खुलासा करू नका. ऐका, आभार माना आणि रात्री वहीत लिहून ठेवा.

यादीतली एकच गोष्ट निवडा. राग, टोचून बोलणं, खोटी कारणं सांगणं, पैशाबाबतचा चिक्कूपणा, जेवतानाही हातातून न सुटणारा मोबाइल, जे काही असेल ते. पुढचे काही महिने तुमचं वाचन, प्रार्थना आणि प्रयत्न यांचा रोख तिच्यावर ठेवा. सगळा स्वभाव एकदम बदलायला निघालेली माणसं महिन्याभरात निराश होऊन बसतात.

वाचन

पुष्कळ जण १ जानेवारीला उत्पत्तीपासून बायबल वाचायला घेतात आणि फेब्रुवारीत लेवीयाच्या यज्ञविधींमध्ये अडकतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मार्ककृत शुभवर्तमानापासून करावी. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, सोळा अध्यायांचं आहे. रोज अर्धा अध्याय घेतला तर महिन्याभरात ते सावकाश वाचून होतं आणि येशू कसा चालला, कोणाजवळ थांबला, कशाने व्याकूळ झाला हे डोळ्यांपुढे उभं राहतं. त्यानंतर याकोबाचं पत्र आणि योहानाचं पहिलं पत्र घ्या. दोन्ही पाच-पाच अध्यायांची आहेत आणि दोन्ही माणसाला त्याच्या वागण्यावर धरतात. रात्री झोपण्यापूर्वी एक स्तोत्र वाचलं तर पाच महिन्यांत दीडशे स्तोत्रं होतात.

वाचून झाल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारा : हे खरं असेल तर आज मी काय वेगळं करीन? उत्तर एका ओळीत लिहा आणि ते त्याच दिवशी करता येण्याजोगं असू द्या. “मी अधिक प्रेमळ होईन” हे उत्तर चालणार नाही. “आज दुपारी वहिनींना फोन करीन” हे चालेल.

बायबलची भाषा जड वाटत असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ शेजारी ठेवा. कॅथलिक-प्रोटेस्टंट हा भेद इथे आड येऊ देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रमाबाईंनी मूळ भाषांचा अभ्यास करून आयुष्याची शेवटची वर्षं बायबलच्या मराठी भाषांतरात घातली, ती साध्या बायाबापड्यांना वचन कळावं म्हणून. ते संपूर्ण भाषांतर १९२४ साली, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी बाहेर आलं. एवढ्या कष्टाने आपल्या भाषेत आलेला ग्रंथ आपण व्हॉट्सअॅपवर सकाळी येणाऱ्या एका वचनापुरता ठेवू नये. फुलांच्या चित्रावर छापलेलं वचन पुढे पाठवणं म्हणजे वाचन नव्हे. नववर्षाच्या रात्री मिळालेलं वचनाचं कार्ड वर्षभर पाकिटात ठेवणं हेही वाचन नव्हे. ते वचन ज्या अध्यायातलं आहे तो अख्खा अध्याय वाचा. पुष्कळदा त्या वचनाआधी एखादी आज्ञा असते आणि कार्डावर ती छापलेली नसते.

प्रार्थना

वेळ ठरवा आणि ती थोडीच ठेवा. दहा मिनिटं रोज टिकतात, एक तास आठवड्यात गळून पडतो. आधी उपकारस्मरण, मग कबुली, मग दुसऱ्यांसाठी मागणं आणि शेवटी स्वतःच्या गरजा, हा क्रम पाळला तर प्रार्थना म्हणजे नुसती मागण्यांची यादी होत नाही. शब्द सुचत नसतील तर स्तोत्रं घ्या. त्यांत स्तुती आहे तशीच तक्रारही आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासासुद्धा येत नाही. देवापुढे रडण्याला, भांडण्यालाही शास्त्रात जागा आहे, हे दुःखात असलेल्या माणसाला कळलं पाहिजे.

रात्रीसाठी एक जुना प्रघात सांगतो. गोव्यात १५४२ साली आलेले संत फ्रान्सिस झेवियर ज्यांचे सोबती होते त्या संत इग्नेशियस लोयोलांनी तो घालून दिला. दिवस संपताना शांत बसायचं आणि सकाळपासूनचा दिवस देवासमोर एकेका प्रसंगाने परत पाहायचा. कृपा कुठे दिसली, मी कुठे चुकलो, कोणाला दुखावलं, उद्या काय करायचं. पाच मिनिटं पुरतात. सुरुवातीला निवडलेल्या त्या एका दोषावर लक्ष ठेवायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

समेट

इथवरच्या पायऱ्या एकट्याने चढता येतात. ही पायरी तशी नाही, म्हणूनच बहुतेकांची वाढ इथे थांबते.

डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो, की तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं तिथे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. नीट पाहा, इथे माझ्या मनातल्या रागाची गोष्ट नाही. त्याच्या मनात माझ्याविषयी काही आहे, तरी पाऊल मी उचलायचं आहे. आपण मात्र “चूक त्याची, त्याने यावं” म्हणून वर्षं काढतो. शेताच्या बांधावरून सख्खे भाऊ बोलत नाहीत आणि एकाच रविवारी एकाच पेल्यातून प्रभुभोजन घेतात. मंडळीच्या जमिनीवरून वडीलधारी माणसं कोर्टाच्या तारखांना जातात आणि तिथून प्रार्थनासभेला येतात. तरुण मुलं हे सगळं पाहतात आणि गुपचूप चर्चला येणं सोडतात.

तुमच्या मंडळीत महिन्यातून एकदा प्रभुभोजन असेल तर त्याआधीचा आठवडा या कामासाठी राखून ठेवा. एकच नाव घ्या. शक्य असेल तर घरी जा, नाहीतर फोन करा. मेसेज पाठवून हे काम उरकू नका. तुम्ही काय केलंत ते नेमकं सांगा : “त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुम्हाला खोटं पाडलं, ते माझं चुकलं.” “काही चुकलं असेल तर माफ करा” हे क्षमा मागणं नव्हे, आणि वाक्यात “पण” आला की क्षमेचा वकिली दावा होतो. पैसे किंवा वस्तू द्यायची असेल तर तारीख सांगून द्या. जक्कय येशूला भेटला तेव्हा नुसता रडला नाही, लुबाडलेलं चौपट परत करायला निघाला. समोरचा माणूस लगेच विरघळेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्याला वेळ लागेल, कदाचित तो येणारही नाही. तुमच्या वाटणीचं काम झालेलं असेल.

काही समेटांना वर्षं जातात. मार्कला सोबत न्यावं की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांचं इतकं बिनसलं की त्यांच्या वाटाच वेगळ्या झाल्या. पुढे तीमथ्याला लिहिताना तोच पौल मार्कला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे, असं कळवतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितलीच पाहिजे. मार खाणाऱ्या बाईला, छळ सोसणाऱ्या मुलाला “क्षमा कर आणि परत जा” असं सांगणं हा सुवार्तेचा विपर्यास आहे. क्षमा म्हणजे जीव धोक्यात घालून तिथेच राहणं नव्हे. आधी त्या माणसाला सुरक्षित जागी पोहोचवा, लागेल तिथे पोलिसांची मदत घ्या. क्षमेचं नंतर पाहता येईल आणि तेही त्याचं त्याने ठरवायचं.

सोबत

दोन-तीन माणसांची सोबत हवी. जॉन वेस्ली यांनी अठराव्या शतकात सुमारे बारा-बारा जणांचे गट केले होते. दर आठवड्याला तुझ्या आत्म्याचं कसं चाललं आहे, हे तिथे एकमेकांना विचारलं जाई. आपल्याकडच्या घरसभांमध्ये गीतं होतात, संदेश होतो, चहा होतो, पण हा प्रश्न राहून जातो. शक्यतो वयाने आणि अनुभवाने मोठी अशी एखादी व्यक्ती गाठा. बायांनी बाईला, पुरुषांनी पुरुषाला. तिथे बोललेलं बाहेर जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

हात

सेवा म्हटलं की आपल्याला माइक आणि व्यासपीठ आठवतं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना माहीत आहे, की त्यांच्यातला बदल स्वयंपाकघरात आणि पाणवठ्यावर दिसला. सोवळ्यात वाढलेल्या या बाईने, जातिभेद देवाने केलेला नाही हे मनोमन पटल्यावर, कोणाच्याही हातचं पाणी प्यायचं ठरवलं. तेव्हा त्यांचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. त्यांच्या पावलावर पाऊल ठेवायचं तर आज आपल्याला लग्नं जुळवण्यापासून सुरुवात करावी लागेल. मुलगा विश्वासात आहे ना, एवढं विचारून न थांबता “मूळचे कोण?” असं हळूच विचारणारी मंडळी परिपक्व झालेली नाही.

दानाचंही तसंच आहे. उत्पन्नातला ठरलेला वाटा आधी बाजूला काढा, उरलेल्यातून नव्हे. पण चर्चचं पाकीट भरण्याआधी घरकाम करणाऱ्या मावशींचा पगार वेळेवर गेला का ते पाहा. मजुरांची मजुरी अडकवणाऱ्यांना याकोबाने आपल्या पत्रात फार कडक शब्दांत सुनावलं आहे.

कोरडे दिवस

हे सगळं करतानाही असे महिने येतात, की प्रार्थना छताला लागून परत येते असं वाटतं. अशा वेळी लोक एका सभेतून दुसऱ्या सभेत धावतात, जिथे भावना उसळेल तिथे देव आहे असं समजतात. मदर तेरेसांची पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळलं की त्यांनी अनेक दशकं आतल्या अंधारात काढली होती. त्या काळात त्यांची सेवा थांबली नाही. कोरड्या दिवसांत नवं काही सुरू करू नका आणि चालू असलेलं सोडू नका. अर्धा अध्याय, दहा मिनिटं, रविवारची उपासना, ठरलेली सेवा, एवढं चालू ठेवा.

मात्र झोप उडाली असेल, भूक मेली असेल, जगण्याचा कंटाळा आला असेल, तर डॉक्टरांकडे जा. हा विश्वासाचा तुटवडा नव्हे, आजार आहे. “औषधं सोड, फक्त प्रार्थना कर” असं कोणी सांगितलं, मग तो कितीही मोठा प्रचारक असो, त्याचं ऐकू नका.

वर्षभराने त्या दोन माणसांना पुन्हा तोच प्रश्न विचारा. त्यांना फरक दिसला असेल तर यादीतली पुढची गोष्ट घ्या. दिसला नसेल तर तीच घेऊन पुढे चला. मंडळीत तुमच्याविषयी कोण काय चांगलं बोलतं, याचा हिशेब ठेवू नका. आपण आता परिपक्व झालो असं वाटू लागणं हे बहुधा वाढ खुंटल्याचं लक्षण असतं.

पाळकांना आणि वडीलजनांना एक कळकळीची विनंती. यंदा दृढीकरण घेणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीच्या आईवडिलांशी बोलून, त्यांच्या संमतीने, मंडळीतलं एकेक जाणतं, विश्वासू माणूस त्याला किंवा तिला जोडून द्या. निदान दोन वर्षांसाठी. त्यांनी महिन्यातून एकदा त्या घरी जावं, घरच्यांसमवेत बसून मुलांचं ऐकावं, त्यांच्यासोबत एक अध्याय वाचावा. त्यासाठी निधी लागत नाही, इमारतही लागत नाही. तुमच्या मंडळीत अशी माणसं आहेत. त्यांना या रविवारीच विचारा.