‘कट’ म्हणजे नुसतं कापणं नव्हे



इंग्रजीतला ‘कट’ हा शब्द आपल्याला शाळेपासून येतो. कट म्हणजे कापणे, त्यात शिकायचं काय, असं कोणीही म्हणेल. मीही म्हणत होते. मग सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे मॉरिसव्हिलला आल्या आणि या तीन अक्षरी शब्दाने आम्हाला चांगलंच पळवलं.

त्यांना ब्लडप्रेशर, त्यासाठी लघवीवाटे पाणी काढणारी गोळी चालू. डॉक्टर म्हणाले, “कट डाऊन ऑन सॉल्ट.” मी नेमकी तेव्हा फोन घ्यायला बाहेर गेले होते. सासूबाईंनी ‘कट’ आणि ‘सॉल्ट’ एवढेच दोन शब्द पकडले आणि घरी येऊन जाहीर केलं, “आजपासून मीठ बंद!” बाईंचा निश्चय दांडगा. तीन आठवडे आळणी वरणभात, आळणी भाजी. आम्हाला कौतुकच वाटत होतं. एका सकाळी त्यांना चक्कर आली, बोलणं असंबद्ध झालं. तपासणीत रक्तातलं सोडियम फार खाली गेलेलं निघालं. वय, ती गोळी आणि वर मीठ पूर्ण तोडलेलं, असं तिन्ही जुळून आलं होतं. दोन रात्री हॉस्पिटलात काढून त्या सुखरूप घरी आल्या, पण माझी झोप उडाली ती उडालीच.

डॉक्टर चुकीचं काही बोलले नव्हते. ‘कट डाऊन’ म्हणजे कमी करा. ‘कट बॅक’ म्हणजेही कमी करा. ‘कट आऊट’ म्हणजे मात्र पूर्ण बंद करा. सगळा खेळ त्या मागून येणाऱ्या छोट्या शब्दाचा, आणि आपले कान नेमके तिथेच पोचेपर्यंत थकलेले असतात. म्हणून आई-बाबांना डॉक्टरकडे नेताना एकच प्रश्न पाठ करून ठेवा: कमी की बंद? शिवाय अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषा मागा. केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या हॉस्पिटलांवर 1964 च्या नागरी हक्क कायद्यामुळे ही सोय करण्याची जबाबदारी येते आणि तिचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. फोनवरचा दुभाषाही चालतो. आपल्यापैकी कितीजण मागतात? आम्हीही मागितला नव्हता, “इंग्लिश येतं की आम्हाला” म्हणून!

बाकीचे प्रकार एवढे जिवावरचे नाहीत. आय-चाळीसवर कोणी एकदम पुढ्यात गाडी घातली तर त्याने आपल्याला ‘कट ऑफ’ केलं. पुण्यात आपण यालाच “कट मारला” म्हणतो, म्हणजे शब्द तिकडेही पोचलाय, फक्त ‘ऑफ’ वाटेत गळलं. बोलताना मध्येच तोडलं तरी ‘कट ऑफ’, आणि अकरावीच्या प्रवेशाची यादी लागते तोही ‘कटऑफ’. रांगेत घुसणं म्हणजे ‘कट इन लाइन’. तास बुडवणं म्हणजे ‘कट क्लास’, हे मुलांना शिकवायला लागत नाही. ‘जॉब कट’चा अर्थ 2001 च्या टेलिकॉम मंदीत या भागात राहिलेल्यांना तर कोशात बघावा लागणार नाही. त्यासाठी मराठीत ‘कपात’ आहे, पण ऐकताना पोटात गोळा तेवढाच येतो.

सलूनमध्ये सासऱ्यांनी “कटिंग” म्हटलं तेव्हा ती मुलगी गोंधळली. इथे ‘कटिंग’ म्हणजे रोप लावायला तोडलेली फांदी. ‘हेअरकट’ म्हणायचं, थोडेच केस हवे असतील तर ‘ट्रिम’. कटिंग चहा तर इथे मिळायचाच नाही. अर्धा कप कोण देतो या देशात!

आता दुसरी बाजू. माझी मुलगी मराठी बोलते, पण तिच्या मराठीत सगळं ‘कापलं’ जातं. भाजी कापली, सुपारी कापली, ऊसही कापला. इंग्रजी एकच क्रियापद ठेवतं आणि अर्थ त्याच्या शेपटीला बांधतं. मराठीत क्रियापदच बदलतं. भाजी चिरायची, सुपारी कातरायची, ऊस तोडायचा, लाकूड फोडायचं, फांदी छाटायची, मेथी खुडायची, कापड बेतायचं. केक आणि केस तेवढे कापायचे. आणि देवापुढचा नारळ तर फोडतही नाहीत, ‘वाढवतात’! हे सगळं तिला सासूबाईंनी ओट्याशी उभं राहून शिकवलं. आजी-नातीचा सौदा ठरला होता. नातीने ‘डाऊन’, ‘आऊट’, ‘ऑफ’ शिकवायचं, आजीने चिरणं-कातरणं. मला वाटतं फायदा नातीचा जास्त झाला.

त्यात एक दिवस पुरणपोळीचा बेत. “आजी, कटाची आमटी म्हणजे कट केलेली आमटी?” नव्हे बाई. हा कट आपला, डाळ शिजवून निथळलेलं पाणी. कोल्हापुरी मिसळीवरचा तिखटजाळ कटही आपलाच. ‘कट रचणे’मधलाही आपलाच. उलट कटलेट ‘कट’मधून आलं असेल असं वाटतं, पण ते मूळ फ्रेंच आहे, बरगडी या अर्थाच्या शब्दावरून आलेलं. आपण त्यात बटाटा भरला, हा भाग वेगळा.

एक वापर या पुस्तिकेच्या वाचकांसाठी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. इथल्या ऑफिसात “वुई विल कट अ चेक” म्हणतात, म्हणजे चेक लिहून देऊ. सासूबाईंनी हे ऐकलं आणि त्यांना पहिल्यांदाच कुठला इंग्रजी वाक्प्रचार न सांगता कळला. “आपली वर्गणीची पावती फाडतात तसंच ना?” असं म्हणून त्यांनी पर्स उघडली आणि मंडळाच्या खजिनदारांना विचारलं, “माझी पावती कितीची फाडताय?”