चूर्णपरीक्षणातील सूक्ष्मदर्शी छायाचित्रे : संगणकीय मापनाची पद्धत

अशोकाची साल म्हणून बाजारात आसोपालवाची साल येते, हे वैद्यांस नवे नाही. नाहूर-मुलुंड परिसरातही सरळसोट वाढणाऱ्या आसोपालवालाच लोक 'अशोक' म्हणतात. मग रक्तप्रदराच्या रुग्णेला दिलेल्या क्वाथात नेमके काय उतरले? गुराखी व वनवासी औषधी नामरूपाने जाणतात, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात म्हटले आहे. चूर्णाचे मात्र रूपच हरवलेले असते. ते सूक्ष्मदर्शकाखाली शोधावे लागते.

आयुर्वेदिक फार्माकोपियात अशोकत्वचेची सूक्ष्म लक्षणे दिली आहेत : अश्मपेशींचे थर व पुंजके, कॅल्शियम ऑक्झलेटचे लोलकाकृती स्फटिक, स्फटिकयुक्त तंतू. भेसळीच्या चूर्णातही अस्सल अशोकाचे कण असू शकतात, म्हणून लक्षण दिसले एवढ्यावर न थांबता त्याचे प्रमाण पाहावे लागते. एका बॅचच्या 5 स्लाइड व प्रत्येक स्लाइडची 20 क्षेत्रे धरली तरी 12 बॅचची 1,200 छायाचित्रे होतात. ती मोजताना सकाळची व सायंकाळची नजर सारखी राहत नाही.

या कामासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रॅसबँड यांनी विकसित केलेले इमेजजे, त्याचेच विस्तारित रूप असलेले फिजी आणि ब्रॉड इन्स्टिट्यूटचे सेलप्रोफाइलर ही सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. एका छायाचित्रावर ठरविलेली क्रिया मॅक्रोद्वारे संपूर्ण संग्रहावर करता येते.

तथापि खरे काम स्लाइडपासूनच सुरू होते. ध्रुवित प्रकाशात स्फटिक काळ्या पार्श्वभूमीवर चमकतात. पण पिष्टकण आणि अश्मपेशींच्या भित्तीही चमकतात. क्लोरल हायड्रेटमध्ये उकळल्याने पिष्ट जाते, अश्मपेशी राहतात. त्या आकारमान व आकृती यांवरून वगळाव्या लागतात. अश्मपेशी मोजण्यासाठी फ्लोरोग्लुसिनॉल व तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाने त्यांना लाल रंग द्यावा. हेच आम्ल ऑक्झलेटचे स्फटिक विरघळविते, म्हणून दोन्ही लक्षणे एकाच स्लाइडवर मोजू नयेत. या चुकीची दुरुस्ती कोणत्याही सॉफ्टवेअरला करता येत नाही.

छायाचित्रे टिफ स्वरूपात जपावीत. जेपेगमध्ये कडा बिघडतात. फाइलच्या नावात द्रव्य, बॅच, स्लाइड व क्षेत्र यांचे क्रमांक असावेत. स्टेज मायक्रोमीटरचे छायाचित्र त्याच भिंगातून घेऊन मोजपट्टी निश्चित करावी. रिकाम्या क्षेत्राचे छायाचित्र घेतल्यास असमान प्रकाशाची दुरुस्ती करता येते.

यानंतर थ्रेशोल्ड, म्हणजे कण व पार्श्वभूमी यांना वेगळे करणारी उजळपणाची सीमा. ओत्सू यांची 1979 ची स्वयंचलित पद्धत लोकप्रिय आहे. परंतु ती प्रत्येक छायाचित्रावर स्वतंत्रपणे वापरल्यास, जेथे एकही स्फटिक नाही तेथेही ती काहीतरी निवडतेच आणि धूळ स्फटिक म्हणून मोजली जाते. आमच्या मते प्रमाणित नमुन्यावर ठरविलेली एकच सीमा, तोच प्रकाश व तेच एक्स्पोजर ठेवून, सर्व छायाचित्रांना लावावी. चिकटलेले कण वॉटरशेड क्रियेने विलग होतात. लांब तंतूंचे मात्र ती विनाकारण तुकडे करते.

शेवटी संख्या व क्षेत्रफळ यांचा तक्ता मिळतो. त्यासोबत मॅक्रोही जतन करावा, म्हणजे शंका आल्यास तीच छायाचित्रे दुसऱ्या वैद्यास पुन्हा तपासता येतील. प्रत्येक बॅचमधील काही छायाचित्रे यदृच्छेने निवडून, बॅचचे नाव झाकून, हाताने मोजावीत. दोन्ही आकड्यांत मोठी तफावत आढळल्यास तक्ता बाजूला ठेवून प्रथम स्लाइड पाहावी.