फुकटचा कॉल, पण नंबर कुणाचा?

ईमेलच्या खात्यातून फुकट फोन करण्याला माझा विरोध नाही. या सोयी मी वापरते आणि वापरूनच हे लिहिते आहे. २५ ऑगस्ट २०१० रोजी गुगलने अमेरिकेतल्या जीमेल वापरणाऱ्यांना चॅटच्या यादीतून थेट साध्या फोनवर कॉल करायची सोय दिली. देशातले आणि कॅनडाचे कॉल फुकट, बाकी जगाला मिनिटामागे काही सेंट. पहिल्या चोवीस तासांतच दहा लाखांवर कॉल झाले. मुलाकडे न्यू जर्सीला राहायला गेलेल्या आईवडिलांना कॅलिफोर्नियातल्या भाचीशी तासभर बोलायचं, तर कॉम्प्युटर आणि हेडफोन पुरेसे झाले. (हेडफोन मात्र लावाच. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरला की पलीकडच्याला स्वतःचंच बोलणं परत ऐकू येतं आणि दोष बिचाऱ्या इंटरनेटला लागतो.) पण अशी सोय बोलण्यापुरती असते, घरातला एकमेव फोन म्हणून तिच्यावर विसंबू नये.

कारण फोन म्हणजे नुसतं बोलणं नव्हे. तुमचा नंबर पलीकडे दिसतो, त्यावर उलट फोन करता येतो, आणि जिवावर बेतलं तर तोच मदत बोलावतो. जीमेलच्या कॉलमध्ये यातलं बरंचसं नव्हतं. गुगल व्हॉइस या गुगलच्याच फोनसेवेचा नंबर नसला, तर कॉल सगळ्यांसाठी ठेवलेल्या एकाच नंबरावरून आल्यासारखा दिसे. त्यावर उलट फोन करून तुम्ही सापडणं शक्य नव्हतं. अमेरिकेतला आणीबाणीचा ९११ नंबर तर लागतच नसे, आणि गुगल व्हॉइसच्या वैयक्तिक खात्यावरून आजही लागत नाही. घरात वयस्कर माणूस असेल, तर लँडलाइन काढून टाकण्याआधी एवढी एक गोष्ट पाहावी.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘फुकट मिळतंय, मग कुरकुर कशाला?’ पण पैसे मोजणाऱ्यांची तरी कुठे सुटका झाली? स्काइपवर पैसे भरूनही नोव्हेंबर २०१४ पासून भारतातून भारतातल्याच फोनवर कॉल करता येईना, आणि ५ मे २०२५ ला स्काइपच बंद झालं. जीमेलचे फुकट कॉलही आधी २०१० अखेरपर्यंतच जाहीर झाले होते. मुदत वर्षावर्षाने वाढत गेली, मग गुगलचंच हँगआउट्स त्या जागी आलं आणि २०२२ मध्ये तेही गेलं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सिमकार्डही हरवतं की! हरवतं, पण ओळखपत्र घेऊन दुकानात गेलं की त्याच नंबराचं दुसरं मिळतं. फुकट ईमेल खातं अडकलं तर जाऊन उभं राहायला काउंटरच नाही. ईमेल, फोटो, बँकेचे निरोप आणि फोन नंबर, सगळं एका पासवर्डमागे ठेवलं की सगळं एकदमच अडकतं.

चोरांनाही या नंबरांचं महत्त्व चांगलं कळलं आहे. अमेरिकेत जुना सोफा विकायची जाहिरात दिली की ‘खरेदीदार’ विचारतो, ‘तुम्ही खरे आहात ना? तुमच्या फोनवर सहा आकडे पाठवलेत, ते मला सांगा.’ तो कोड गुगल व्हॉइसचा असतो. तो सांगितला, की तुमच्या फोनला जोडलेला एक नवा नंबर त्याच्या हाती जातो आणि पुढच्या लोकांना तो त्यावरून गंडवतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही याबद्दल सावध केलं आहे. कोड सांगून झाला असेल, तर स्वतःच्या खात्यात गुगल व्हॉइस उघडून आपला फोन त्याला जोडावा, म्हणजे चोराकडची जोडणी तुटते. एरवीही खात्याला दुहेरी पडताळणी लावावी, तिचे राखीव कोड कागदावर उतरवून कपाटात ठेवावेत, आणि बँकेला व डॉक्टरला नंबर द्यायचा तो सिमचाच.