यवत शोधताना यवतमाळ

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बातम्यांचा मजकूर मी साध्या टेक्स्ट फायलींत जमवत आलो आहे. त्यात काही शोधायचं तर लिनक्सच्या टर्मिनलवर ग्रेप. १९७३ मध्ये युनिक्समध्ये आलेली ही केन थॉम्पसन यांची आज्ञा अक्षरं जुळली की ती ओळ समोर टाकते. गाव कुठलं, व्याकरण कसं, हे आपण ओळखून सांगायचं.

१. मराठीत अख्खा शब्द जुळवायला जाऊ नका. त्यासाठीचा -डब्ल्यू हा पर्याय इंग्रजीत उत्तम चालतो, पण आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. 'यवत' या गावाच्या नावाला तो लावला की यवतला, यवतचा, यवतहून सगळे गळतात. न लावावा तर यवतमाळ येऊन बसतं! मी कॅपिटल -पी देऊन 'यवत(?!माळ)' असं लिहितो: पुढे 'माळ' नसेल तरच दाखव. राहू गावाचं दुखणं मोठं. 'राहून', 'राहू द्या', शिवाय राहू-केतू. तिथे कॅपिटल -ई देऊन 'राहू( येथ| ?बेट|च्या)' अशी नेमकी रूपंच द्यावी लागतात.

२. 'पाणी' शोधलं तर पाण्याचं, पाण्यासाठी हाती लागत नाही. इथेही कॅपिटल -ई देऊन 'पा(णी|ण्य)' लिहा.

३. वगळताना जपा. बीडमध्ये शिरूर कासार आहे, लातूरमध्ये शिरूर अनंतपाळ. म्हणून -व्ही लावून नुसतं 'कासार' वगळलं, तर आपल्याच शिरूर तालुक्यातलं कासारी गावही गेलं. 'शिरूर कासार' अशी पूर्ण जोडीच वगळावी.

४. शिरूर की शिरुर? लोक दोन्ही लिहितात, म्हणून 'शिर[ुू]र'. मात्र लोकेल, म्हणजे टर्मिनलची भाषेची सेटिंग, युटीएफ-८ असायला हवी. नाहीतर प्रत्येक अक्षराचे आणि मात्रेचे तीन-तीन बाइट सुटे धरले जातात आणि चौकटी कंसाचा अर्थच बिघडतो.

५. सर्वांत जास्त ओळी निसटतात त्या 'शेतकऱ्यांना'मुळे. चासकमान धरणाच्या पाण्याच्या आवर्तनापासून उसाच्या बिलापर्यंत हा शब्द नाही अशी बातमी विरळा. पण कुणाच्या कीबोर्डवर तो ऱ, हलन्त आणि य असा टाइप होतो, तर कुणाच्या कीबोर्डवर र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य असा. डोळ्यांना फरक दिसत नाही, ग्रेपला दिसतो. 'शेतक[रऱ]' एवढंच शोधा. दोन्ही प्रकार येतात, शेतकरीही येतो.

६. जुनी नावं माहीत हवीत. शिरूर गावाला घोडनदीही म्हणतात. १८८५ च्या इंग्रजी पुणे गॅझेटिअरमध्ये दौंडचं स्पेलिंग 'धोंड' असं वाचावं लागतं.

७. युनिकोडआधीच्या फॉन्टमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, फायलीत मात्र भलतीच चिन्हं असतात. ग्रेपला त्यात 'दौंड' कधीच सापडणार नाही. गावोगावच्या साप्ताहिकांकडे, ग्रामपंचायतींकडे, सोसायट्यांकडे असा मजकूर पडून आहे. तो फॉन्ट उघडणारा संगणक चालू आहे तोवरच सगळं युनिकोडमध्ये करून ठेवा.