कोळंबीच्या टरफलांचे अळणी पाणी : चव किती, ताकद किती

बाजारातून अर्धा किलो कोळंबी आणली की सोलल्यावर हाताला पाव किलोच्या थोडी वर लागते. बाकीचे वजन डोकी आणि टरफले यांचे. तराजूत मात्र सगळ्याचे पैसे मोजलेले असतात. म्हणजे शंभराच्या नोटेतले चाळीस-पन्नास रुपये आपण दर वेळी कचऱ्याच्या डब्यात टाकतो, आणि वर रात्रभर त्याचा वास सोसतो. याच डोक्या-टरफलांपासून वीस-पंचवीस मिनिटांत चांगले लिटरभर अळणी पाणी निघते. मटणाचे अळणी आपल्या घरांत नवे नाही. हे त्याचेच खाडीकडचे भावंड समजा.

कृतीकडे जाण्याआधी एका शंकेचे उत्तर द्यायला हवे, कारण महिला मंडळात हा विषय निघाला की ती कुणीतरी बोलून दाखवतेच : "फेकायचे ते शिजवून खायचे म्हणजे आपण परत मागे चाललो का?" प्रश्न रास्त आहे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि दुसऱ्याचे उष्टे-शिळे सोडून द्यायला सांगितले. आपल्या आजी-पणजींनी ते मनावर घेतले, काहींनी त्यासाठी उपास काढले. ती शिकवण दुसऱ्याने टाकलेले न उचलण्याची होती. आपल्या कष्टाच्या पैशाने विकत घेतलेला, आपल्याच नळाखाली धुतलेला जिन्नस पुरता वापरणे ही वेगळी गोष्ट आहे. म्हणून इथे एक रेघ ओढून ठेवू. टरफले फक्त आपण विकत घेतलेल्या कोळंबीची. बाजारात पाटीखाली साचलेला ढीग, कोळंबी सोलण्याच्या शेडमधला माल, हॉटेलातून कुणी आणून दिलेली पिशवी, हे घ्यायचे नाही. मानासाठी नाही आणि तब्येतीसाठीही नाही. ती किती तास उन्हात पडली होती, त्यावर किती माश्या बसल्या होत्या, हे कुणालाच सांगता येत नाही.

कोळीणबाई कोळंबी सोलून देत असेल तर आपल्या डोळ्यांसमोर सोलून घ्या आणि टरफले वेगळ्या पिशवीत मागा. मागायला लाजू नका, त्यांचे पैसे आपण दिलेले आहेत.

निवड नाकाने करायची. ताज्या कोळंबीला समुद्राचा, खारट असा हलका वास असतो. नाकात झोंबणारा, मुतारीसारखा अमोनियाचा वास आला तर ती कोळंबीही नको आणि तिचे टरफलही नको, कितीही स्वस्त असली तरी. टरफल बुळबुळीत लागते का, डोके नुसत्या स्पर्शाने गळून पडते का, तेही पाहा. डोक्यावर काळे डाग पडलेले असतील तर ती लगेच सडलीच असे नाही, हवेशी संबंध येऊन टरफल काळे पडते. पण ती निघून बराच वेळ झाला, एवढे त्यावरून समजते. अशा डोक्यांचे पाणी चवीला उतरते.

आता कृती. अर्धा किलो कोळंबीची डोकी-टरफले दोन-तीन पाण्यांतून धुवा, पण भिजत ठेवू नका, चव त्याच पाण्यात उतरते. डोक्याच्या पुढचा करवतीसारखा टोकदार काटा कात्रीने कापून टाका. तो बोटात शिरला तर जखम चिघळू शकते, मधुमेह असलेल्यांनी जास्तच जपावे. टोचलेच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि बोट सुजले, लाल झाले तर दवाखान्यात दाखवा. पाठीतला काळा धागा टरफलांत आला असेल तर काढा.

जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तेल तापवून त्यात चार लसूण पाकळ्या ठेचून टाका आणि टरफले घालून मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटे परता. ही पायरी पुष्कळ जणी गाळतात आणि मग पाणी फिके झाले म्हणतात. कोळंबीचा केशरी रंग अ‍ॅस्टाझँथिन नावाच्या द्रव्याचा. गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याच्याच कुळातले ते आहे. कच्च्या कोळंबीत ते प्रथिनाला बांधलेले असते म्हणून ती करडी-निळसर दिसते. आच लागली की ते सुटे होते आणि टरफल लाल होते. हा रंग तेलात उतरतो, नुसत्या पाण्यात फारसा उतरत नाही. म्हणून आधी तेल, मग पाणी.

टरफले लालसर झाली, खरपूस वास सुटला की लिटरभर पाणी ओता. कोथिंबिरीच्या काड्या, चार मिरे, आल्याचा तुकडा घरात असेल तर टाका, नसेल तर अडत नाही. उकळी फुटली की वर राखाडी फेस येतो, तो पळीने काढा. मग आच मंद करून वीस मिनिटे. मध्ये एकदा पावभाजीच्या मॅशरने किंवा जड वाटीच्या बुडाने डोकी दाबा, खरी चव डोक्यात असते. मटणाची हाडे दोन-दोन तास उकळतात म्हणून हेही तेवढे उकळू नका. अर्ध्या तासाच्या पुढे गेले की पाणी कडवट आणि उग्र होऊ लागते. गॅस वाचतो हा फायदा वेगळाच. शेवटी बारीक गाळणीवर धुतलेले मलमलचे फडके घालून गाळा. काही घरांत टरफले मिक्सरला फिरवतात, त्याने पाणी दाट होते. पण मग फडक्यातून दोनदा गाळल्याशिवाय लहान मुलांना देऊ नका, बारीक कुसे घशात टोचतात.

मीठ घालायचे नाही. अळणी ते अळणीच राहू द्या. कोळंबीचे स्वतःचे थोडे मीठ असतेच, आणि पुढे ज्या पदार्थात हे पाणी जाईल त्यात आपण मीठ घालणारच आहोत. रक्तदाबाच्या माणसासाठी ही काळजी मोठी आहे.

वापर ज्याचा त्याने ठरवावा. भात या पाण्यात शिजवला तर वाटीभर कोळंबीतही कोळंबीभात लागतो. मसुराची आमटी, कुळथाचे पिठले, वांगे-बटाट्याचा रस्सा, शेवग्याच्या शेंगा, जिथे साधे पाणी घालता तिथे हे घाला. माझे मत विचाराल तर कुळथाच्या पिठल्यात याची गंमत सर्वांत जास्त.

आता ताकदीचे. आपल्या घरांत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे : "सगळी ताकद रश्श्यात असते." हे वाक्य बहुधा वाढणाऱ्या बाईच्या तोंडी असते, तेव्हा पातेल्यात तुकडे उरलेले नसतात. घरच्या पुरुषांना आणि मुलग्यांना तुकडे वाढून झाले, मुलीला दोन मिळाले आणि स्वतः तिने भाकरीबरोबर रस्सा खाल्ला. समजूत काढायला वाक्य बरे आहे, पण खरे नाही. शंभर ग्रॅम सोललेल्या कच्च्या कोळंबीत साधारण वीस ग्रॅम प्रथिने असतात. टरफलाच्या वाटीभर पाण्यात त्यातले नाममात्र उतरते. चव उतरते, वास उतरतो, रंग उतरतो. स्नायू आणि रक्त ज्यातून घडते ते मांसातच राहते. पंचावन्न किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे प्रमाण आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला त्याहून जास्त. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले आहे. त्यांना रस्सा वाढून भागणार नाही. समतेची भाषा विहारात बोलतो, तर कोळंबीही माणशी मोजून वाढू या. कोळंबी थोडीच असेल तर त्या पाण्यात डाळ शिजवा किंवा अंडी सोडा. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि ते सगळ्यांच्या ताटात सारखे येते.

गरोदर बाईला कोळंबी "उष्ण पडते" म्हणून तोडतात, त्यालाही आधार नाही. ताजी, पुरती शिजलेली कोळंबी तिला चालते. डोक्यांचे पाणी मात्र गरोदर बाईला आणि लहान मुलांना रोज नको, कधीमधी ठीक. डोक्यातल्या पिवळ्या-नारिंगी भागात कॅडमियमसारखे जड धातू साठतात. कोळंबी कारखान्यांचे सांडपाणी येणाऱ्या खाडीतली असेल तर डोकी सरळ टाकून द्या आणि नुसत्या टरफलांचे पाणी करा.

कॅल्शियमबद्दलही ऐकू येते. टरफलात ते असते हे खरे, पण चुनखडीच्या रूपात असते आणि साध्या उकळीने पाण्यात फारच थोडे येते. टरफलाचा सांगाडा कायटिनचा असतो, तो आपल्याला जवळजवळ पचत नाही. हाडांसाठी कोळंबीकुळातले काही खायचे असेल तर सुका जवळा किंवा बारीक सुकट खा. ती टरफलासकट चावून पोटात जाते. मराठवाड्यात, विदर्भात ताजी समुद्री कोळंबी कुठून आणणार? तिथल्या बाजारात सुकट किंवा सुके झिंगे मिळतात, ते उलट या बाबतीत सरस आहेत. मोठ्या सुकटीची डोकी-शेपट्या मोडून टाकतात, त्या कोरड्या तव्यावर भाजून याच पद्धतीने उकळता येतात. फक्त वाळू फार असते, म्हणून पाणी दहा मिनिटे स्थिर ठेवून वरचे वरचे ओतून घ्या. सुकट खारवलेली असेल तर आधी दोनदा धुवा.

ज्याला कोळंबी सोसत नाही त्याला हे पाणी कधीही देऊ नका. "तुकडे काढून नुसता रस्सा घे" असे पाहुण्याला आग्रहाने म्हटले जाते, ते जिवावर बेतू शकते. कोळंबीची अ‍ॅलर्जी मुख्यतः ट्रोपोमायोसिन या प्रथिनाने होते. उकळल्याने ते नष्ट होत नाही, उलट पाण्यात उतरते. काहींना उकळत्या पातेल्याच्या वाफेनेही त्रास होतो. झुरळात आणि घरातल्या धुळीच्या किड्यांतही याच जातीचे प्रथिन असते. त्यामुळे झुरळांनी दमा उठणाऱ्या काहींना कोळंबीही बाधते. सगळ्यांना बाधते असे नाही, पण पहिल्यांदा खाताना थोडे खाऊन पाहावे. अंगावर गांधी, ओठ-जीभ सुजणे, घसा आवळणे, श्वास लागणे यांतले काही दिसले तर ताक-लिंबू, अंगारा यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. दवाखान्यात त्यावर इंजेक्शन असते आणि तिथे मिनिटे मोलाची असतात. युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे धरणाऱ्यांनीही हे पाणी टाळावे, ते वाढवणारी द्रव्ये उकळीत उतरतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

फ्रिज नसेल तर टरफले साठवायचीच नाहीत. आणली, सोलली, उकळली, त्याच जेवणात संपवली. झालेले पाणी दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका, पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात तर त्याहूनही कमी. सकाळी उरलेले रात्री पुन्हा खळखळून उकळले की चालते, हा गैरसमज आहे. जंतू मरतात, पण काही जंतूंनी आधीच सोडलेले विष उकळीनेही जात नाही. फ्रिज असेल तर पाणी उथळ भांड्यात पसरून लवकर निववा, झाकून ठेवा आणि दोन दिवसांत वापरा. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवले तर महिनाभर राहते, रोजच्या आमटीला दोन खडे पुरतात.

उरलेला चोथा गटारात लोटू नका. त्यावर उंदीर-घुशी येतात आणि पावसाळ्यात तेच पाणी उंबऱ्याला लागते. कागदात गुंडाळून त्याच दिवशी ओल्या कचऱ्यात द्या. दारात तुळस, मिरची, कढीपत्ता यांच्या कुंड्या असतील तर चोथा वाळवून चुरा करा आणि मातीत वीतभर खाली पुरा, खत चांगले होते. वरवर टाकला तर मांजर त्याच रात्री सगळी कुंडी उकरून ठेवते.