छोटा जबडा, मोठा वाद

फार जुन्या काळातील प्राण्यांचे अवशेष कधी कधी खडकात सापडतात. त्यांना जीवाश्म म्हणतात. डायनोसॉरची प्रचंड हाडे तुम्ही चित्रात पाहिली असतील. पण उंदराएवढ्या प्राण्याचे काय उरते? त्याची नाजूक हाडे मोडतात, वाहून जातात. बहुधा उरतात ते फक्त दात आणि जबड्याचे तुकडे; कारण दातांवरचे एनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे.

एवढ्याशा तुकड्यावरून प्राणी ओळखता येतो का? या प्रश्नावरून एकदा मोठा वाद झाला.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड शहराजवळ स्टोन्सफील्ड नावाचे खेडे आहे. छपरांवर घालण्यासाठी तेथे जमिनीतून दगड काढत. त्या दगडांत काही छोटे जबडे सापडले. १८१८ साली फ्रान्सचे थोर शास्त्रज्ञ कुव्हिए ऑक्सफर्डला आले. तेथे प्राध्यापक विल्यम बकलंड यांच्याकडे त्यांनी असा जबडा पाहिला. "हा सस्तन प्राण्याचा आहे," असे त्यांचे मत पडले. अमेरिकेत ओपॉसम नावाचा पिशवीवाला प्राणी असतो, त्याच्याशी तो त्यांना मिळताजुळता वाटला.

१८२४ साली बकलंड यांनी ही गोष्ट जाहीर केली. त्याच वेळी त्यांनी त्याच खडकातील मेगॅलोसॉरस या डायनोसॉरचीही माहिती दिली. लोक चकित झाले. त्या प्राचीन काळी फक्त सरपटणारे प्राणी होते, सस्तन प्राणी फार नंतर आले, असे तेव्हा मानत असत. कुव्हिए बरोबर असतील, तर हा समज सोडावा लागणार होता.

१८३८ साली फ्रान्सचेच शास्त्रज्ञ ब्लँव्हील यांनी शंका घेतली. जबडा सरपटणाऱ्या प्राण्याचा असावा, असे ते म्हणाले. तोवर कुव्हिए हयात नव्हते. मग उत्तर कोण देणार?

उत्तर दिले इंग्लंडच्या रिचर्ड ओवेन यांनी. त्यांनी कुव्हिए यांच्या मोठेपणाचा आधार घेतला नाही. त्यांनी जबडाच नीट तपासला. सरपटणाऱ्या प्राण्याचा खालचा जबडा अनेक हाडे जुळून बनतो. सस्तन प्राण्याच्या खालच्या जबड्याची प्रत्येक बाजू एकाच हाडाची असते. या जबड्याच्या आतल्या बाजूला एक रेघ होती. विरोधकांना तो दोन हाडांचा सांधा वाटला. ओवेन यांनी दाखवले, की ती केवळ खाच आहे. हाड एकच आहे. शिवाय दाढांना दोन-दोन मुळे होती. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दातांना सहसा अशी मुळे नसतात.

जबडा सस्तन प्राण्याचाच ठरला. त्याचे नाव अँफिथेरियम. गंमत म्हणजे हे नाव ब्लँव्हील यांनीच दिले होते! मात्र तो ओपॉसम नव्हता. त्याच्या दाढा ओपॉसमपेक्षा संख्येने जास्त होत्या. हा प्राणी सुमारे साडेसोळा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, असे आज मानतात.

आपल्या देशातही असा शोध लागला आहे. प्राणहिता व गोदावरी नद्यांच्या खोऱ्यात डायनोसॉरच्या काळातील खडक आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील कोटा या गावावरून त्यांना नाव पडले. त्या खडकांतील एकाच दाढेवरून १९८१ साली एका सस्तन प्राण्याचे नाव ठेवले गेले : कोटाथेरियम. तो कसा दिसत होता, हे ती दाढ सांगत नाही. पण डायनोसॉरच्या काळी आपल्या भूमीवर सस्तन प्राणी होते, हे ती नक्की सांगते.

पुरावा लहान असला तरी चालतो. तो जेवढे सांगतो तेवढेच मानावे, हे मात्र महत्त्वाचे.

शब्दार्थ
अवशेष – उरलेले भाग
सस्तन प्राणी – पिलांना दूध पाजणारे प्राणी
हयात – जिवंत
खाच – लांबट, अरुंद खोलगट भाग
पुरावा – खरेपणा दाखवणारी गोष्ट

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) स्टोन्सफील्ड हे खेडे कोठे आहे?
(आ) कोटाथेरियम हे नाव कशावरून पडले?
२. कारणे द्या.
(अ) लहान प्राण्यांचे बहुधा दातच उरतात.
(आ) बकलंड यांचे म्हणणे ऐकून लोक चकित झाले.
३. ओवेन यांनी दिलेले दोन पुरावे तुमच्या शब्दांत लिहा.